पावणेतीन इंचांची लक्ष्मी

म्हैसूरहून परत आले त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी जिन्यातच गाठलं. "राजवाडा पाहिला?" पाहिला म्हटलं, रिक्षातून, बाहेरून. "चामुंडीच्या डोंगरावर गेलात?" नाही, खालूनच नमस्कार केला. "वृंदावन बाग तरी?" तीही नाही. "मग चार दिवस तिथे केलंत काय?" वहिनींचा प्रश्न रास्त होता. मी तिथे एका माणसाची माफी मागायला गेले होते. त्यातला एक दिवस निव्वळ भित्रेपणापायी वाळूत फिरण्यात घालवला, तेही सांगणार आहे. म्हैसूरला जाऊ इच्छिणाऱ्यांना या लेखाचा उपयोग बेताचाच, हे आधीच सांगून ठेवते.

पण गाडीत बसण्याआधीची थोडी हकीकत सांगायला हवी. मी कोल्हापूरची. एका कॉलेजच्या नाणेसंग्रहाचं काम मी तीस-पस्तीस वर्षं पाहिलं. गावोगावचे लोक कुणाच्या शेतात, कुणाच्या भिंतीत सापडलेल्या नाण्याचे ठसे पाठवायचे आणि विचारायचे, खरं का खोटं? मी पोस्टकार्डावर तीन ओळींत उत्तर द्यायची. बाईंचं कार्ड आलं म्हणजे निकाल लागला, असं लोक म्हणत आणि ते ऐकून मला बरं वाटे. पत्र कितीही मोठं असलं तरी मी पहिलं पान वाचायची, ठसा फाइलला लावायची आणि पत्र टाकून द्यायची. वस्तू बोलते, लोक गोष्टी सांगतात, असं मी विद्यार्थ्यांना ऐटीत शिकवायची.

वीस-बावीस वर्षांपूर्वी म्हैसूरहून गणपतराव नावाच्या एका शिंप्याचं पत्र आलं. चांगलं चार पानी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण शाळा सगळी कानडी, त्यामुळे देवनागरी अक्षर गोल गोल वळलेलं. पूर्वी त्यांच्याकडे कापड रंगवण्या-छापण्याचं काम होतं. त्यांच्या आजोबांना कुणा परदेशी पाहुण्याकडून एक जड तांबूस-काळी चकती मिळाली होती. एका बाजूला डोक्यावर पानांचा मुकुट घातलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला फळांनी भरलेलं शिंग हातात घेऊन बसलेली बाई. आजोबांनी तिला लक्ष्मी म्हणून देवघरात बसवलं होतं. आजोबा थापा मारायचे, असं भावकीतले लोक म्हणत. आजोबांचा शब्द खरा होता एवढं आपण सांगावं, अशी गणपतरावांची विनंती होती. सोबत दोन्ही बाजूंचा ठसा होता, भरतकामाची नक्षी उतरवायच्या बटर पेपरवर पेन्सिल घासून काढलेला. कोपऱ्यात शिंप्याच्या टेपनं घेतलेलं माप लिहिलं होतं: पावणेतीन इंच. आणि प्रामाणिकपणे हेही कळवलं होतं की कडेला बारीक बारीक भोकं आहेत.

ती भोकं वाचली आणि माझं काम संपलं. पानांचा मुकुट रोमन सम्राटांचा, तेव्हा हे रोमन नाणं म्हणून खपवलेलं, असं मी धरूनच चालले. रोमन नाणं दोन साच्यांमध्ये धरून हातोड्यानं ठोकून पाडत. खोटं नाणं करणारा मात्र खऱ्यावरून साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. ओतलेल्या धातूत हवेचे बुडबुडे राहतात. त्यामुळे आम्हा नाण्यांच्या माणसांना बुडबुडा दिसला की चोर सापडल्याचा आनंद होतो. मी कार्ड लिहिलं: "आपण कळवलेली वस्तू ओतीव आहे. रोमन नाणी ओतीव नसतात. सबब ही वस्तू नकली असून तिला काही महत्त्व नाही." उरलेल्या तीन पानांत आजोबांची गोष्ट होती. ती मी वाचली नाही.

दोन वर्षांपूर्वी भाचीकडे इटलीला गेले होते. एका संग्रहालयात ती मला ओढून घेऊन गेली, "मावशी, तुझी नाणी आहेत इथे." काचेच्या कपाटात पुऱ्यांएवढ्या काळसर चकत्या मांडल्या होत्या. नाणी नव्हती ती, पदकं होती. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडच्या सरदारांना आणि पंडितांना जुन्या रोमन नाण्यांचं वेड लागलं. मग त्यांनी नाण्यांवरच्या सम्राटांसारखे आपले चेहरे मेणात कोरवून घेतले, मागच्या बाजूला रोमन देवता बसवल्या आणि कांशात ओतून ती पदकं मित्रांना भेट दिली. ओतूनच करायची, तीच त्यांची रीत. तिसऱ्या ओळीत ती बाई बसली होती, फळांचं शिंग घेऊन. मी तिथल्या बाकावर बसले. भाचीला वाटलं साखर कमी झाली, तिनं पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली.

घरी येऊन फाइल उघडली. तिथे काढलेल्या फोटोशी ठसा तंतोतंत जुळत होता, अक्षरांसकट. त्या संग्रहालयात पदकांचं काम पाहणाऱ्या बाईंना तो पाठवला. त्यांनी सभ्यपणे कळवलं की जुन्या पदकांवरून नंतरच्या काळातही पुष्कळ पदकं ओतली गेली, तेव्हा नुसत्या ठशावरून सांगता यायचं नाही. प्रत्यक्ष पदक पाहायला हवं. अक्षरांची धार, धातूवर चढलेला काळा थर आणि कड, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. मी गणपतरावांच्या पत्त्यावर पत्र घातलं. ते परत आलं. मग मात्र उठले आणि निघाले.

देवराज मोहल्ला, बुधवार

बंगळूरहून म्हैसूरच्या गाडीत मद्दूर आलं की डब्यात वडे येतात. चपटे, खुसखुशीत, कांद्याचे. आपल्या वड्याची कल्पना मनात धरून खाल्ले तर फसायला होतं, तसे नाही खाल्ले तर तीन सहज संपतात. मी चार खाल्ले. माणूस अपराधी असला तरी त्याला भूक लागते.

म्हैसूरला उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही, की इथे कुणी घाईत नाही. कोल्हापूरला रिक्षावाल्यानं दोन मिनिटं वाट पाहिली तर तो उपकार असतो. इथला रिक्षावाला माझ्या हातातला पत्ता घेऊन तीन दुकानांत विचारून आला आणि प्रत्येक ठिकाणी गप्पाही मारून आला. मी हिंदीत बोलत होते, तो कानडीत उत्तरं देत होता आणि आमचं छान चाललं होतं.

पत्त्यावर शिंप्याचंच दुकान होतं, पण वेगळ्या माणसाचं. गळ्यात टेप, मशीनवर निळा कोट. मी गणपतरावांचं नाव घेतल्याबरोबर तो उठून उभा राहिला आणि मराठीत बोलायला लागला.

"गणपतमामा? कुतकोळ्ळी, बसा बसा. तुम्ही गावाकडून आलात काय?" गाव म्हणजे महाराष्ट्र. या लोकांना इथे येऊन पिढ्या लोटल्या, तरी गाव ते गावच. "मामा वारले हो, मॅडम. तीन वर्षं झाली. हातात कात्री होती, मशीनवर मान टाकली, अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. संग्रहालयाहून आल्यापासून दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलत होते, काय सांगायचं ते घोकत होते. आणि ज्यांच्याशी बोलत होते ते आधीच गेलेले होते. इतकं ओशाळवाणं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

त्या भल्या माणसानं कॉफी मागवली. पितळी वाटी-पेल्यातली, वर फेस आलेली. आपण चहा पाहुण्याच्या हातात देऊन मोकळे होतो, इथे कॉफी गार करण्याची, उंचावरून ओतण्याची जबाबदारी पाहुण्यावर असते. मी ती साडीवर ओतली. त्यानं कापडाची चिंधी पुढे केली आणि घरचा फोन लावून दिला. गणपतरावांची मुलगी सुधा फोनवर आली. ती आईला घेऊन आता जयलक्ष्मीपुरमला राहते, घरीच ब्लाउज शिवण्याचा तिचा व्यवसाय आहे.

"कोल्हापूरच्या बाई?" ती म्हणाली. "कार्डवाल्या? आत्ताच या ना घरी! अम्मा एकादशीच्या भजनाला विठ्ठलाच्या देवळात गेलीये, येईल अर्ध्या तासात."

कार्डवाल्या. म्हणजे घरातल्या लेकीलाही ते माहीत होतं. मी म्हणाले, "आज नको, प्रवासानं थकले आहे. उद्याही जरा काम आहे. परवा येते."

काम कसलंही नव्हतं.

तलकाड, गुरुवार

काम नाही म्हटल्यावर कुठेतरी जायलाच हवं होतं. हॉटेलातल्या माणसानं तलकाड सुचवलं. बसनं दीड-दोन तास. कावेरीच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्या वाळूखाली देवळं गाडली गेली आहेत. काही उकरून काढलीत, काही अजून आतच असावीत म्हणतात. नीलगिरीच्या झाडांतून वाट जाते. चप्पल बाहेर काढून ठेवायची, आणि अकरा वाजता ती वाळू काय तापते! मी पदर खोचून एका सावलीतून दुसऱ्या सावलीत अक्षरशः उड्या मारत गेले. समोरून येणाऱ्या शाळेच्या सहलीनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

खड्ड्यात उतरावं तसं पायऱ्या उतरून देवळाशी जावं लागतं. चारी बाजूंनी वाळूचे कडे, मध्ये काळ्या दगडाचं देऊळ. मी भिंतीवरचं कोरीव काम पाहत होते. वेलीचं पान न्‌ पान शाबूत. इतकी वर्षं वाळूत राहिलं आणि कुणाचा हात लागला नाही, म्हणून टिकलं. माझं डोकं लगेच धंद्यात शिरलं: गणपतरावांच्या लक्ष्मीलाही देवघरात कुणी फारसा हात लावला नसेल, तर अक्षरांची धार अजून असेल. तो काळा थर असेल. मी फोटो काढीन, इटलीच्या बाईंना पाठवीन. गणपतराव नसले तरी त्यांच्या आजोबांचा शब्द खरा ठरेल. दोन दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. भिंतीवरची अक्षरं नीट पाहावीत म्हणून पर्समधून भिंग काढलं आणि ते हातातून निसटलं.

चाळीस वर्षं वापरलेलं भिंग, घडीचं, सोनाराकडे असतं तसं. पडलं ते वाळूत आणि मी वाकेपर्यंत दिसेनासं झालं. मी गुडघ्यांवर बसून उकरायला लागले. केळी विकणारी एक बाई टोपली खाली ठेवून माझ्याबरोबर उकरू लागली. काय शोधतोय हे तिला ठाऊक नव्हतं, मला सांगता येत नव्हतं. अर्ध्या तासानं तिनं माझे हात धरले आणि म्हणाली, "होगली बिडी, अम्मा." जाऊ द्या. मग मला दोन केळी सोलून दिली आणि मी ती खाईपर्यंत जागची हलली नाही.

नदीवर गेले. गोल टोपलीच्या होडीत लोक बसत होते, किंचाळत होते. मी काठावर पाय पाण्यात सोडून बसले आणि उद्या काय बोलायचं याची पुन्हा जुळवाजुळव केली. आता ते गणपतरावांच्या बायकोशी बोलायचं होतं.

जयलक्ष्मीपुरम, शुक्रवार

शांत वस्ती. झाडं, कुंपणावर जास्वंद, दारोदार पांढरी रांगोळी. अकराला बोलावलं होतं, मी दहालाच पोचले, कारण हॉटेलात बसवत नव्हतं. सुधानं दार उघडलं. तिशीची, केसांत सुईदोरा खोचलेला. "बन्नी बन्नी, आत या. अम्मा मागे नळावर आहे, देव घासतीये. आज शुक्रवार अल्लवा, नाही का?"

मागच्या अंगणात रुक्मिणीबाई पाटावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, हात मात्र बळकट. परातीत सगळे देव पालथे-उताणे पडले होते. विठ्ठल-रखुमाई, बाळकृष्ण, घंटा, निरांजन. शेजारी वाटीत भिजवलेली चिंच आणि विटेची भुकटी. त्यांच्या हातात एक गुलाबीसर चकाकणारी चकती होती. मला वाटलं, डब्याचं झाकण. त्या ती काथ्यानं गोल गोल, मन लावून घासत होत्या. मग त्यांनी ती नळाखाली धरली, आणि वरच्या बाजूला टांगण्यासाठी पाडलेलं भोक मला दिसलं. ठशातही ते भोक तिथेच होतं.

"हीच ती, बाई," रुक्मिणीबाई हसून म्हणाल्या. "बघा कशी लखलखते. आमच्या घरात हिच्याइतकं कोणी चमकत नाही."

त्यांनी ती माझ्या ओल्या तळहातावर ठेवली. भिंग तलकाडला राहिलं होतं, पण त्याचं काही काम नव्हतं. मी अंगठा फिरवला. ज्या बाजूला पुरुष होता तिथे एक उंचवटा होता, नाक नव्हतं, मुकुट नव्हता. मागे बसलेली बाई कणकेच्या गोळ्यासारखी उरली होती. शिंग कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. कडेच्या अक्षरांच्या जागी गुळगुळीत धातू होता. काळ्या थराचा तर मागमूस नाही. नुकतंच ओतून आणल्यासारखं ते ताजं दिसत होतं.

"दर शुक्रवारी घासता?" मी विचारलं.

"दर शुक्रवारी. एक चुकला नाही. हे गेले तेव्हा सुतकात तेवढे राहिले." त्यांनी पदराला हात पुसले. "आधी घासत नव्हतो आम्ही. आजेसासऱ्यांचा नियम होता, हिला चिंच लावायची नाही, सुम्ने, नुसतं मलमलीनं पुसायचं. मी नवी नवरी, पहिल्या शुक्रवारी घासायला घेतली तर केवढे ओरडले! मला लाज वाटायची हो. सगळे देव पिवळेजर्द आणि मध्ये ही एक काळीकुट्ट. बायका हळदीकुंकवाला यायच्या, म्हणायच्या, तुमच्या लक्ष्मीला अंघोळ नाही काय? मग तुमचं कार्ड आलं."

मी चकती त्यांच्या हातात परत दिली.

"ते वाचून हे पुष्कळ वेळ बसले. मग मला म्हणाले, घास आता, साधं पितळ आहे ते. मला इतका आनंद झाला त्या दिवशी! यांचं तोंड मी बघितलंच नाही."

मी तिथेच, नळाशी, सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ते पितळ नव्हतं, कांसं होतं. नाणं नव्हतं, पदक होतं. ओतून करायचीच त्यांची रीत होती आणि मला ते ठाऊक नव्हतं, तरी ठाऊक असल्यासारखं मी लिहिलं. पाचशे वर्षांपूर्वीचं असेल किंवा नंतर कधी ओतलेलं असेल, ते अक्षरांच्या धारेवरून आणि त्या काळ्या थरावरून ठरलं असतं.

रुक्मिणीबाई ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी परातीतल्या चिंचेकडे पाहिलं. "मत्ते, मग मी घासलं ते?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. घासलं त्यानं काही बिघडलं नाही, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्या शब्दावर त्या घराचा विश्वास होताच, त्यापायीच तर हे झालं होतं. मी म्हणाले, "घासल्यानं सगळं गेलं. आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण ते तुम्ही नाही केलंत, माझ्या कार्डानं केलं."

त्या उठल्या. बाळकृष्ण, घंटा, एकेक देव कोरडा करून आत नेऊ लागल्या. मीही रखुमाई पुसायला घेतली. त्यांनी हातातून काढून घेतली नाही, एवढाच मला आधार.

जेवायला केळीचं पान होतं. आधी भात आणि सारू, म्हणजे आपल्या कटाच्या आमटीची पातळ, मिऱ्यांची बहीण. मग चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, मग पुरणपोळी, तिला त्या होळिगे म्हणतात. आपण ती दुधात किंवा आमटीत बुडवतो, त्यांनी नारळाच्या दुधाची वाटी दिली. पोळी इतकी तलम होती की पानावरची शीर खालून दिसत होती. तशी पोळी मला पुन्हा मिळणार नाही. शेवटी ताकभात. पान आपल्या बाजूला मिटायचं, पलीकडे मिटायचं का उघडं ठेवायचं ते कळेना, मी सुधाकडे पाहून तसंच केलं.

जेवताना सुधा म्हणाली, "दसऱ्याला आमच्यात आयुधपूजा असते. कात्री, टेप, मशीन सगळ्याला गंध लावायचं. अप्पा मधोमध पणजोबांचा छापायचा लाकडी ठोकळा ठेवायचे, त्यावर ही लक्ष्मी. मग गोष्ट सांगायचे, ही कशी आली ती. दर वर्षी तीच गोष्ट. कार्ड आलं त्याच्या पुढच्या दसऱ्याला मी विचारलं, अप्पा, गोष्ट? तर म्हणाले, ती गोष्ट खोटी आहे, पुट्टी. मला पुट्टी म्हणायचे, छोटी. मग कधीच सांगितली नाही."

"तुला आठवते?"

"अर्धीच. कोणी परदेशी पाहुणा कापड छापताना बघायला आला. का पाहुणी होती? पणजोबांचे हात कोपरापर्यंत निळे होते. त्यानं काहीतरी विचारलं, पणजोबांनी काहीतरी दिलं, त्यावर त्यानं ही काढून दिली. काय विचारलं, काय दिलं, ते गेलं माझं. नाव पण होतं त्या माणसाचं." मग तिचा चेहरा एकदम उजळला. "पण बाई, अप्पांनी तुम्हाला सगळं लिहून पाठवलं होतं! अम्मा सांगते, तीन दिवस बसून लिहिलं. चार पानं. ते पत्र आहे ना तुमच्याकडे?"

म्हैसूरला आल्यापासून मला वाटत होतं की माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट गोष्ट मला ठाऊक आहे. ठाऊक नव्हती. पदक झिजलं त्यात निदान वीस वर्षांचे शुक्रवार लागले. ती गोष्ट मी एका दुपारी टोपलीत टाकली होती, न वाचता.

"नाही," मी म्हणाले. "मी ते टाकून दिलं. आम्ही ठसा ठेवतो, पत्र टाकून देतो."

 सुधा रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हो का," आणि तिनं मला ताक वाढलं.

माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं. पर्समधून ठशाचा कागद काढला. खरं सांगायचं तर तो मी परत नेणार होते. त्या पदकाचा आता तोच एक पुरावा होता आणि त्यावर एक लेख लिहायचा विचार मनात होता. रुक्मिणीबाईंनी हात पुन्हा धुतले, पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. मुकुट घातलेल्या पुरुषाकडे त्यांनी पाहिलं नाही, शिंगवाल्या बाईकडेही नाही. कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"पावणेतीन," त्या म्हणाल्या. "पावणेचा 'पा' यांचा असाच. ब्लाउजच्या वहीत असाच काढायचे."

मग त्यांनी तो देवघरात, लक्ष्मीच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, तेव्हा तुम्ही लिहून दिलं होतं. आता पण लिहून द्या. सुम्ने तोंडी नको."

सुधानं मापं लिहायच्या वहीतला एक कागद फाडून दिला. मी जमिनीवर बसले. तीन ओळींत निकाल देणाऱ्या माझ्या हाताला अर्धा तास लागला. लिहिलं ते असं:

"श्री. गणपतराव यांस सादर नमस्कार. आपल्या लक्ष्मीला मी नकली म्हटलं ते माझ्या अज्ञानामुळे. ओतीव असणं हा तिचा दोष नव्हता. आपण भोकांसकट खरं ते सगळं कळवलंत, मी आपलं पत्र पुरतं वाचलंही नाही. आपले आजोबा थापा मारत होते असं म्हणायला मला कोणताही आधार नव्हता. ती किती जुनी हे आता कुणालाही सांगता येणार नाही, आणि तो दोष माझा आहे. आपण ते कार्ड खरं मानलंत याचं मला फार वाईट वाटतं."

रुक्मिणीबाईंना मापांच्या चार शब्दांपलीकडे देवनागरी वाचता येत नाही, सुधा अक्षर अक्षर लावून वाचते. तेव्हा मलाच वाचायला सांगितलं, गणपतरावांच्या फोटोसमोर उभं राहून. फोटोत गळ्यात टेप होती. मी वाचलं. शेवटच्या ओळीला आवाज गेला, ती सुधानं माझ्या खांद्यावरून, अडखळत, पुरी केली.

रुक्मिणीबाईंनी फोटो उतरवला आणि मागची पुठ्ठ्याची फळी सरकवली. आत माझं कार्ड होतं. पिवळं पडलेलं, घडी न घातलेलं, जपून ठेवलेलं. माझं ठाम, उभट अक्षर. नवा कागद त्यांनी नीट घडी करून त्याच्याशेजारी ठेवला.

"ते जुनं फाडून टाका ना," मी म्हणाले. "आता कशाला ठेवता?"

त्यांनी फळी बंद केली, पदरानं काच पुसली आणि फोटो परत खिळ्याला लावला.

"असू द्या की, बाई," त्या म्हणाल्या. "यांनी तेवढंच वाचलं होतं."